बाळगायला मुभा, झाडायला बंदी: अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतला बंदुकांचा वाद

येलोस्टोन बघायला गेलेल्या मराठी मंडळींना व्हिजिटर सेंटरच्या दारावर बंदुका आत आणू नयेत अशी सूचना दिसते. ताडोबा-मेळघाटची सवय असलेला माणूस तिचा अर्थ असा लावतो की या जंगलातच शस्त्राला बंदी आहे. खरी परिस्थिती उलटी आहे. ती बंदी फक्त त्या दाराच्या आत लागू आहे. बाहेरच्या जवळपास नऊ हजार चौरस किलोमीटर रानात, रस्त्यांवर, तंबूंच्या तळावर, गरम पाण्याच्या झऱ्यांभोवतीच्या लाकडी पायवाटांवर भरलेलं पिस्तूल कमरेला लावून फिरणं कायद्याला मान्य आहे. ते शर्टाखाली दडलेलं असेल तर शेजारच्या बाकावर बसलेल्या आजीआजोबांना कळणारही नाही. २२ फेब्रुवारी २०१० पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत हे असं आहे, फक्त त्या त्या राज्याचा कायदा आड येता कामा नये.

मात्र तेच पिस्तूल उद्यानात झाडलं, तर तो गुन्हा. शिकारीची कायदेशीर परवानगी असलेले मोजके भाग आणि हंगाम सोडले, तर गोळी झाडायला कोणालाही मुभा नाही.

म्हणजे बंदूक जवळ ठेवा, पण चालवू नका. या दोन गोष्टींच्या मध्ये जी फट आहे, तिच्यावरच हा सगळा वाद उभा आहे, असं मला वाटतं. वाद ऐकताना तो ‘बंदूकवाले’ आणि ‘बंदूकविरोधी’ असा सरळ दोन गटांत वाटलेला दिसतो. पण खोलात गेलं की प्रश्न वेगळाच निघतो: जी वस्तू तिथे वापरायचीच नाही, ती वापरायला तयार अवस्थेत जवळ का असावी? आणि असली, तर त्याची किंमत कोण मोजतं?

मुळात उद्यानांत बंदुकांवर निर्बंध का आले, हे आधी बघायला हवं. माणसांच्या भांडणांशी त्याचा काही संबंध नव्हता. तो प्रश्न जनावरांचा होता. येलोस्टोन १८७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, पण सुरुवातीला तिथे शिकार सर्रास चाले. १८८३ मध्ये शिकारीला मनाई झाली, तरी ती मोडणाऱ्याला शिक्षा करायला कायदाच नव्हता. १८८६ मध्ये उद्यान राखायला चक्क लष्कर आणावं लागलं. सैनिक प्रवेशाच्या ठिकाणी प्रवाशांच्या बंदुकांना सील ठोकत. आत जाताना बंदूक बरोबर असू शकत होती, पण सील तुटलेलं दिसलं की जाब द्यावा लागे.

मार्च १८९४ मध्ये एडगर हॉवेल नावाचा चोरटा शिकारी पेलिकन व्हॅलीत, भर बर्फात, मारलेल्या गव्यांच्या धडांमध्येच सापडला. हे अमेरिकी गवे म्हणजे बायसन. एके काळी कोट्यवधींनी असलेला हा प्राणी तोपर्यंत जवळजवळ संपत आला होता, आणि जे थोडे रानटी कळप उरले होते त्यांतला एक इथे होता. हॉवेलला पकडलं खरं, पण त्याला उद्यानाबाहेर हाकलण्यापलीकडे काहीच करता येत नव्हतं. ही बातमी वर्तमानपत्रांत आली, देशभर संताप झाला, आणि दोनच महिन्यांत, मे १८९४ मध्ये, येलोस्टोनमधल्या प्राण्यांना संरक्षण देणारा लेसी कायदा झाला. त्यात तुरुंगाची तरतूद होती. तरीही १९०२ च्या मोजणीत उद्यानातले रानटी गवे दोन डझनांच्या आसपासच उरले होते. आज तिथे हजारो गवे रस्ता अडवून उभे राहतात, त्यामागे ती सील ठोकलेली बंदूक आहे. हे अमेरिकेतल्या वादातही फार कमी बोललं जातं, म्हणून इथे मुद्दाम सांगितलं.

तीच पद्धत पुढे नियमांत उतरली. रोनाल्ड रेगन यांच्या काळात, १९८३ मध्ये, आधीचा नियम सुधारून असा ठरला की उद्यानातून बंदूक नेता येईल, पण ती रिकामी हवी आणि चटकन वापरता येणार नाही अशी बांधून किंवा पेटीत ठेवलेली हवी. रेगन काही बंदुकांचे शत्रू नव्हते. त्या नियमात बंदी कमी आणि व्यवहारी शहाणपण जास्त होतं. मोंटानातला शेतकरी आपली रायफल गाडीच्या डिकीत ठेवून उद्यानातून पलीकडे जाऊ शकत होता.

मग तो बदलावा असं का वाटलं? बदल मागणाऱ्यांची बाजू नीट समजून घ्यायला हवी, कारण ती पोकळ नाही.

आपल्याकडे शस्त्रपरवाना ही सरकारने दिलेली परवानगी असते. अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीतला हक्क मानला जातो. १७९१ च्या त्या एका वाक्याचा अर्थ काय, यावर दोन शतकं वाद चालला. जून २००८ मध्ये ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की हा हक्क व्यक्तीचा आहे. त्याच निकालात शाळा आणि सरकारी इमारतींसारख्या संवेदनशील जागी बंदी घालता येते, हेही म्हटलं होतं. राष्ट्रीय उद्यान त्या यादीत बसतं का, हा प्रश्न तिथे आलाच नव्हता.

दुसरं कारण रोजच्या जगण्यातलं. पश्चिमेकडच्या राज्यांत राष्ट्रीय उद्यान, राष्ट्रीय वन आणि केंद्र सरकारच्या ताब्यातली इतर मोकळी जमीन एकमेकांना लागून असतात. राष्ट्रीय वनांचा कारभार वेगळ्या खात्याकडे आहे आणि तिथे पूर्वीपासून राज्याचाच बंदूक कायदा चालतो. म्हणजे वनात कायदेशीर असलेलं भरलेलं पिस्तूल, रानवाटेवरची एक रेषा ओलांडली की गुन्हा व्हायचं. ज्याच्याकडे राज्याचा रीतसर परवाना आहे, बोटांचे ठसे देऊन, पार्श्वभूमी तपासून घेऊन मिळवलेला, त्याला हे अन्यायाचं वाटे. आणि तिसरं म्हणजे एकटेपणाची भीती. दूरच्या दरीत मोबाइलला रेंज नसते, रेंजर यायला तासन्‌तास लागू शकतात. १९९६ मध्ये शेनन्डोआ उद्यानात तंबू ठोकून राहिलेल्या दोन तरुणींचा खून झाला होता. २००२ मध्ये मेक्सिकोच्या सीमेलगतच्या ऑर्गन पाइप कॅक्टस परिसरात अमली पदार्थांच्या टोळीतल्या लोकांचा पाठलाग करताना एक रेंजर मारला गेला. अशा घटना मोजक्याच, पण ज्याला एकट्याने रानात राहायचं आहे त्याच्या मनात त्या घर करून बसतात. त्या भीतीला हसण्यासारखं काही नाही.

आयडाहोचे माइक क्रेपो आणि मोंटानाचे मॅक्स बॉकस या दोन सिनेटरांच्या पुढाकाराने सिनेटमधल्या जवळपास निम्म्या सदस्यांनी बुश सरकारच्या गृहखात्याकडे बदलाची मागणी केली. (अमेरिकेत हे खातं पोलिसांचं नाही, तर सरकारी जमिनी आणि उद्यानांचं.) २००८ मध्ये खात्याने मसुदा मांडला आणि लोकांची मतं मागवली. एक लाखाहून जास्त आली. राष्ट्रीय उद्यानांचा कारभार बघणाऱ्या उद्यान सेवेच्या सात माजी संचालकांनी बदल करू नका असं पत्र लिहिलं. रेंजरांच्या संघटनेचाही विरोध होता. तरी डिसेंबर २००८ मध्ये नियम जाहीर झाला आणि ९ जानेवारी २००९ ला, बुश पायउतार होण्याच्या अकरा दिवस आधी, लागू झाला. राज्याच्या कायद्यात बसत असेल तर दडवून ठेवलेलं, भरलेलं पिस्तूल उद्यानात चालेल, असा तो नियम होता.

बंदूकविरोधी ब्रेडी संघटना आणि उद्यानांसाठी काम करणाऱ्या संस्था न्यायालयात गेल्या. १९ मार्च २००९ ला वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायाधीश कॉलीन कोलर-कोटेली यांनी नियमाला स्थगिती दिली. स्थगितीचं कारण मात्र दुसऱ्या दुरुस्तीत नव्हतं. ते पर्यावरण कायद्यात होतं. खात्याने नियमाचा जंगलावर आणि प्राण्यांवर काय परिणाम होईल याचा अभ्यासच केला नव्हता. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की आम्ही फक्त बाळगायला परवानगी देतोय, झाडायला तर बंदीच आहे, तेव्हा परिणाम कसला? न्यायाधीशांना हे पटलं नाही. भरलेली बंदूक लोकांच्या हाताशी आल्यावर ती कधीतरी झाडली जाईल, हे आधीच दिसणारं आहे, आणि ते न बघता निर्णय घेता येत नाही. मी वर जी फट म्हटली, तिच्यावर एका न्यायाधीशाने नेमकं बोट ठेवलं ते इथे.

पण तो अभ्यास झालाच नाही. मे २००९ मध्ये ओक्लाहोमाचे सिनेटर टॉम कोबर्न यांनी एका विधेयकाला उद्यानांतल्या बंदुकांची दुरुस्ती जोडली. विधेयक होतं क्रेडिट कार्डांचं. मंदीचे दिवस होते, बँका मनमानी व्याज आणि दंड लावत होत्या, आणि ते थांबवणारा कायदा ओबामांना तातडीने हवा होता. सिनेटने दुरुस्ती ६७ विरुद्ध २९ मतांनी मान्य केली. प्रतिनिधीगृहाने क्रेडिट कार्डांवर आणि बंदुकांवर वेगवेगळं मतदान घेतलं. पहिलं ३६१ विरुद्ध ६४ ने आणि दुसरं २७९ विरुद्ध १४७ ने मंजूर झालं. २२ मे रोजी ओबामांनी सही केली. बहुमत दोन्ही पक्षांतून मिळालं होतं, त्यामुळे हे कुणी लपूनछपून केलं असं म्हणता येणार नाही. पण शंभर वर्षांहून जुनी एक व्यवस्था मोडताना, ज्यांनी ती सांभाळली त्यांची साक्ष नाही, प्राण्यांवरच्या परिणामांची पाहणी नाही, आणि हे सगळं कर्जाच्या व्याजदरांना चिकटून पार पडलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

नवा कायदा बुश सरकारच्या नियमाच्याही पुढे गेला. तो दडवलेल्या पिस्तुलापुरता राहिला नाही. राज्याच्या कायद्याने चालत असेल ती कोणतीही बंदूक, उघड किंवा लपवलेली, पिस्तूल किंवा रायफल, त्यात आली. परवानाही आता बहुतेक ठिकाणी प्रश्न राहिलेला नाही. निम्म्याहून अधिक राज्यांत पात्र प्रौढाला परवान्याशिवायच पिस्तूल दडवून बाळगता येतं, आणि येलोस्टोन ज्या तीन राज्यांत पसरलंय, वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहो, ती तिन्ही त्यांत आहेत. बोटांचे ठसे आणि प्रशिक्षण घेतलेल्या जबाबदार परवानाधारकाचं जे चित्र २००९ च्या वादात उभं केलं गेलं, ते त्यामुळे बरंच पुसट झालं आहे.

आणि गोंधळ संपला का? नाही, त्याने फक्त जागा बदलली. पूर्वी सगळ्या उद्यानांत एकच नियम होता. आता डेथ व्हॅलीचा बहुतांश भाग कॅलिफोर्नियात, थोडा नेवाडात, आणि दोन राज्यांचे कायदे दोन टोकांचे. ॲपलाचियन ट्रेल ही पायवाट १४ राज्यांतून जाते आणि एका राज्याचा परवाना पुढचं राज्य मानेलच असं नाही. वॉशिंग्टनमधलं लिंकन स्मारकही उद्यान सेवेच्याच ताब्यात आहे, पण तिथे राजधानीचा कडक स्थानिक कायदा लागतो. कुठल्याही ठिकाणी जिथे सरकारी कर्मचारी नेमाने काम करतात अशा इमारती, म्हणजे व्हिजिटर सेंटर, रेंजर स्टेशन, कचेऱ्या, वेगळ्या केंद्रीय कायद्याने बंदच आहेत. दारावरची ती सूचना त्यासाठीच असते.

रेंजरांचा आक्षेप समजायला एक प्रसंग डोळ्यासमोर आणावा. शरद ऋतूतली रात्र, एल्क हरणांचा माजाचा काळ, उद्यानाच्या रस्त्यावर दिवे मंद करून सावकाश चाललेली गाडी, मागच्या सीटवर भरलेली रायफल. २०१० पूर्वी ती भरलेली रायफल हाच गुन्हा होता. रेंजर गाडी अडवून बंदूक जप्त करू शकत होता, गोळी सुटण्याआधी. आता ती रायफल कायदेशीर असू शकते. शिकारीचा हेतू सिद्ध करायचा तर रेंजरला आणखी काहीतरी पुरावा हवा, आणि तो पुरावा बहुतेकदा मेलेलं जनावर असतं. अंधारात एकट्याने गाडी अडवणाऱ्या रेंजरची स्वतःची जोखीम वाढते ती वेगळीच. हा मुद्दा मला सगळ्या वादात सर्वांत वजनदार वाटतो.

आता अस्वलं, कारण पर्यटकांच्या मनात बंदूक येते ती त्यांच्यासाठी. कायदा लागू होऊन तीन महिनेच झाले होते. मे २०१० च्या अखेरीस अलास्कातल्या डेनाली उद्यानात दोघं जण रान तुडवत चालले होते. झुडपातून ग्रिझली अस्वल निघालं आणि बाईच्या दिशेने धावलं. बरोबरच्या पुरुषाने .४५ च्या पिस्तुलातून एकामागून एक गोळ्या झाडल्या. अस्वल वळून झाडीत गेलं. त्याला किती लागलंय हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून तो भाग पर्यटकांसाठी बंद करावा लागला. दुसऱ्या दिवशी अस्वल जवळच मेलेलं सापडलं. त्या माणसाकडे पिस्तूल असणं कायदेशीर होतं. ते झाडणं बेकायदेशीर होतं. त्याच्यावर शेवटी खटला भरला गेला नाही, आणि त्याच्या जागी कोण काय करेल हे घरात बसून सांगणं योग्य नाही. पण कायद्याने त्याला जे साधन दिलं, ते वापरायची वेळ आल्यावर त्याच कायद्याने त्याला गुन्हेगार ठरवलं.

मग बंदूक उपयोगी पडते का? टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या नोंदी तपासल्या आहेत. २००८ च्या अभ्यासात बेअर स्प्रेचे ८३ प्रसंग होते. हा मिरचीतल्या तिखट द्रव्याचा जोरदार फवारा असतो. ग्रिझलीच्या जातीच्या तपकिरी अस्वलांवर तो ९२ टक्के वेळा उपयोगी पडला, आणि तो जवळ असलेल्या माणसांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. २०१२ च्या अभ्यासात बंदुकीचे २६९ प्रसंग होते. पिस्तूल ८४ टक्के, रायफलीसारख्या लांब नळीच्या बंदुका ७६ टक्के वेळा उपयोगी पडल्या. या दोन अभ्यासांतले प्रसंग वेगवेगळ्या प्रकारचे आहेत, त्यामुळे टक्केवारी शेजारी ठेवून निकाल लावू नये. दुसऱ्या अभ्यासातलं निरीक्षण जास्त महत्त्वाचं आहे: बंदूक जवळ असलेल्यांनी ती चालवली काय किंवा नाही काय, इजा होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. कारण वेळच मिळत नाही. अस्वल तासाला पन्नास किलोमीटरहून जास्त वेगाने येतं, बंदूक काढून नेम धरेपर्यंत ते अंगावर असतं. फवाऱ्याला नेम लागत नाही, तो ढगासारखा पसरतो. शिवाय जखमी अस्वल चिडून मागे फिरतं, खोकणारं अस्वल पळून जातं. आणि मुळात येलोस्टोनमध्ये १८७२ पासून अस्वलांनी मारलेली माणसं ८ आहेत. तिथे पाण्यात बुडून मेलेली शंभराहून जास्त.

कायद्यानंतर उद्यानांची रणांगणं होतील ही विरोधकांची भीती खरी ठरली नाही, हे मान्य करायला हवं. ज्या घटना घडल्या त्या कुठल्याच एका बाजूला सोयीच्या नाहीत. १ जानेवारी २०१२ ला माउंट रेनियरमध्ये रेंजर मार्गारेट अँडरसन यांना गाडी अडवताना गोळ्या घालण्यात आल्या. लगेच नव्या कायद्याकडे बोट गेलं. पण मारेकरी आदल्या रात्रीच शहरात गोळीबार करून पळालेला होता, बांधून ठेवायचा नियम त्याने पाळला नसता. ४ जुलै २०२४ ला येलोस्टोनच्या कॅन्यन व्हिलेजमध्ये रायफल घेऊन आलेल्या माणसाला रेंजरांनी रोखलं. इमारतीत तेव्हा दोनशेच्या आसपास लोक होते आणि चकमकीत एक रेंजर जखमी झाला.

या दोन घटनांपेक्षा मला तिसरी जास्त छळते. सप्टेंबर २०१३ मध्ये येलोस्टोनच्या ग्रँट व्हिलेज तळावर तीन वर्षांच्या मुलीच्या हाती घरच्यांचं पिस्तूल लागलं आणि त्यातली गोळी तिलाच लागून ती गेली. तिथे हल्लेखोर नव्हता, अस्वल नव्हतं, कोणाचा वाईट हेतूही नव्हता. रिकामं आणि पेटीत बंद असलेलं पिस्तूल तीन वर्षांच्या हातून सुटत नाही. जुन्या नियमाने नेमकं एवढंच मागितलं होतं.

पुढचा वाद आता राज्यांच्या उद्यानांत गेला आहे. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्कही मान्य केला आणि निर्बंधांना अमेरिकेच्या इतिहासातला आधार दाखवा असं सांगितलं. त्यानंतर न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, हवाईसारख्या राज्यांनी बागा आणि उद्यानं संवेदनशील जागांच्या यादीत घातली, आणि ती यादी न्यायालयांत तपासली जाते आहे. इतिहासातला आधारच शोधायचा, तर १८८६ नंतरच्या येलोस्टोनमधलं ते सील विचारात घ्यायला हवं.

तुलनेसाठी आपलं बघा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं ३१ वं कलम अभयारण्यात शस्त्र घेऊन जायला मनाई करतं, लेखी पूर्वपरवानगी असेल तरच सूट. राष्ट्रीय उद्यानांनाही ते लागू होतं. आपल्याकडे वस्तू आत आणणं हाच गुन्हा असल्यामुळे वनरक्षकाला हेतू सिद्ध करत बसावं लागत नाही.

अमेरिकेत फिरायला किंवा मुलांकडे जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. पर्यटक, विद्यार्थी किंवा एच-१बी व्हिसावर असलेल्यांना तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला साधारणपणे मनाई आहे, शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद सोडून. मित्राचं पिस्तूल फोटोपुरतं हातात घेण्याच्या भानगडीतही पडू नका. अस्वलं आणि लांडगे यांच्यापासून शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९० मीटर, आणि गवे-एल्क यांच्यापासून २५ यार्ड लांब राहायचा येलोस्टोनचा नियम आहे. बेअर स्प्रे विमानातून नेता येत नाही, तिथे पोचल्यावर विकत घ्यावा लागतो, आणि तो सॅकच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवायचा. योसेमिटीमध्ये मात्र तो नेऊ नका, तिथे त्याला बंदी आहे.